दहा चिंगळ्या

काचेच्या टाकीत मेलेल्या चिंगळीवर बाकीच्या नऊ चढल्या होत्या. कुणी पोटाशी, कुणी डोळ्यांपाशी. चिमट्यासारख्या इवल्या पायांनी एकेक कण उचलायचा आणि तोंडात घालायचा. किम-कीच्या हातात रताळ्याच्या पेजेचा वाडगा होता. तो तिने तसाच खाली ठेवला.

"म्हाताऱ्या, ये बघायला! तुझ्या लाडक्या आपल्याच बहिणीला खाताहेत."

तिचा नवरा आ-थिआम गुडघे धरत आला, टाकीत डोकावला आणि काही झालंच नसल्यासारखा स्टुलावर बसला.

टाकी कसली, तांदळाच्या डब्याएवढी काच. महिन्यापूर्वी त्याने ती जेवणाच्या टेबलावर मांडली, तेव्हापासून किम-कीला घास गोड लागत नव्हता. आधी त्याने तळाशी काळी माती घातली. मग ओढ्यातून एक मूळ आणलं. आठ दिवसांत त्यावर पांढरा बुळबुळीत थर चढला, शेंबडासारखा. बदामाचं वाळकं पान टाकल्यावर पाण्याला चहाचा रंग आला, असं तो म्हणे. किम-की त्या रंगाला दुसरंच नाव देई. ती मूळ घासायला निघाली की तो तिचा हात धरी. "राहू दे ती घाण. तेच त्यांचं जेवण. चकचकीत पाण्यात मरतील बिचाऱ्या." घाण धरायची वाट बघत त्याने चार आठवडे काढले. परवा कुठे त्याने दहा चिंगळ्या आणल्या, गोड्या पाण्यातल्या इवल्या कोळंब्या, लाल मिरचीच्या तुकड्यांसारख्या. दोन तास बसून थेंब थेंब पाणी घालत त्यांना सवय लावली आणि मगच टाकीत सोडल्या. नंतर हात पाण्यात धरला. त्या त्याच्या बोटांवर चढून मेलेली कातडी टिपू लागल्या आणि तो लहान मुलासारखा हसला. किम-की उठून बाहेर गेली होती.

हात तरी कसले! त्या हातांनी आ-थिआमने चाळीस वर्षं लोकांच्या आईबापांची हाडं काढली होती. पुरल्यावर सहा-सात वर्षांनी थडगं उघडायचं, हाडं पुसायची, वाळवायची आणि पायांपासून डोक्यापर्यंत क्रमाने रांजणात बसवायची. आता सगळं तैवान मेलेल्यांना जाळायला लागलं. धंदा गेला, हात राहिले. त्या हातांना किम-कीने कधी घरातलं फळ कापू दिलं नाही. त्याचा वाडगासुद्धा वेगळा असे, खिडकीच्या फळीवर पालथा घातलेला.

वाडगा वेगळा झाला तो दिवस ती विसरली नव्हती. सदतीस वर्षं झाली. त्या दिवशी तिच्याच आईची हाडं काढायची होती. आ-थिआमने शवपेटीची फळी जराशी उचलली, आत पाहिलं, पुन्हा दाबून बसवली. मग म्हणाला, "ही घटका वाघाच्या आणि ड्रॅगनच्या वर्षात जन्मलेल्यांना वाईट आहे. त्यांनी टेकडी उतरून घरी जावं." वाघाच्या वर्षातली ती. ड्रॅगनच्या वर्षातला तिचा भाऊ. तिसरं कोणी आलंच नव्हतं. आईच्या थडग्यावरून त्याने तिला हाकललं. स्वतः घरी आला तो दिवे लागल्यावर. "मोटरसायकल बंद पडली," म्हणाला. अंगाला असा वास, की पपनसाच्या पाल्याच्या पाण्याने तीनदा अंघोळ केली तरी हटेना. तिने नाकाला बाही लावली आणि त्याला अंगणात जेवायला वाढलं. तेव्हाचा तो वाडगा.

"हे मी आत्ताच्या आत्ता मोरीत ओतते," किम-की म्हणाली. तिने टाकी उचलली. पाणी हिंदकळलं. लाल ठिपके सैरावैरा झाले.

"अगं, थांब, थांब! खात नाहीत त्या. साफ करताहेत." आ-थिआम धडपडत उठला. "दुपारपर्यंत नुसतं कवच राहील बघ, लख्ख. त्या नऊ जणी आहेत. मला एका बाईला साफ करायला अख्खा दिवस लागला होता."

किम-की मोरीशी थबकली.

"अख्खा दिवस? कुणाला फसवतोस? तीन-तीन थडगी असली तरी तू दुपारी जेवायला घरी हजर."

आ-थिआमने टेबलावर सांडलेलं पाणी बोटाने पुसलं.

"एखाद्याला लागतो," तो म्हणाला. "मातीत पाणी साचलं की माणूस विरतच नाही. सात वर्षांनीही तसंच असतं, चेहऱ्यासकट. मग हाताने मांस काढून एकेक हाड सोडवावं लागतं. घरच्यांना दाखवायचं नसतं ते. जन्मभर डोळ्यांपुढून जात नाही. आणि गावाला कळलं तर गाव म्हणतं, या घराला मेल्या माणसाचा तळतळाट आहे."

"असं किती वेळा झालं?"

"एकदाच."

टाकी तिच्या हातात जड झाली. चाळीस वर्षांत दिवे लागल्यावर तो एकदाच घरी आला होता.

तिने टाकी जपून टेबलावर परत ठेवली. पाणी निवळलं. पानाआडून एक चिंगळी बाहेर आली, मग दुसरी, आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. या वेळी किम-कीने मान फिरवली नाही. बराच वेळ ती पाहत उभी राहिली. किती हलक्या हाताने करत होत्या त्या.

मग तिने खिडकीतला वाडगा काढला. आपल्या वाडग्यातली अर्धी पेज त्यात ओतली. टोपलीतलं पपनस घेऊन त्याच्यापुढे ठेवलं.

"सोल," ती म्हणाली.

आ-थिआमने पपनसाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. गडबडीने उठायला लागला. "हात धुऊन येतो."

"राहू दे," किम-की म्हणाली. "तसेच असू देत."