शिवतेजच्या जागी

"गोलच्या मागं कोण बसलीया बघितलंस का?" नानासो कुजबुजला. "शिवतेजची आई."

नाडी ओढणारा ज्ञानूचा हात तिथंच थांबला. बूट शिवतेजचे होते. अंगातली जर्सीही त्याचीच. फार काय, या स्पर्धेपुरतं ज्ञानूचं नावही शिवतेजच होतं.

शिवतेज गेला तो याच मैदानावर, खेळता खेळता. खेळाडूंची नोंदणी तोवर बंद झाली होती. नवीन नाव घ्यायला संघटना तयार नव्हती आणि मेलेल्याचं नाव कमी करायची क्लबला काही घाई नव्हती. नानासो क्लबचा सचिव. असल्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या सांगलीत कोणी सापडायचा नाही. तेरावा उरकला आणि त्यानं पलूसला शिवतेजच्या घरी माणूस धाडून किट परत मागवलं. क्लबचं सामान आहे म्हणे. त्या बाईनं जर्सी धुऊन, घडी घालून दिली. बूटही पुसून दिले.

"तिला कुणी सांगितलं?" ज्ञानूनं विचारलं.

"पेपरात आलं न्हवं! परवाचा तुझा गोल त्याच्या नावानं छापलाय."

ज्ञानूनं हातातली नाडी सोडून दिली. "मग मी न्हाई खेळत, नानासो."

"नगं खेळूस. कवठे महांकाळची एसटी धर आन जा मेंढरांमागं." मग नानासोनं आवाज खाली आणला. "पुण्याच्या मोठ्या क्लबची माणसं आल्यात बघाय. येवढ्यासाठीच राबलास न्हवं?"

"ती कुणाला नेणार? मला का त्याला?"

"ते मागनं बघू."

मैदानात शिरताना संघटनेचे साहेब ओळखपत्रं तपासत होते. शोकसभेत शिवतेजवर भाषण केलं ते याच साहेबांनी. बोलता बोलता चष्मा काढून डोळेही पुसले होते. त्यांनी कार्डावरचा फोटो पाहिला, मग ज्ञानूचं तोंड पाहिलं.

"बारीक झालास रे, शिवतेज," म्हणाले आणि कार्ड परत दिलं. हसले नाहीत. हसले असते तर ज्ञानूला बरं वाटलं असतं.

ज्ञानू जन्माचा उजव्या पायाचा. पण हे बूट घातल्यापासून चेंडू आपसूक डाव्या पायावर येऊन बसायचा. शिवतेज डाव्या पायानं खेळायचा, हे त्याला नंतर कळलं. पहिल्या सामन्यात त्याला याची गंमत वाटली होती. आता वाटत नव्हती. मध्यंतराच्या थोडं आधी त्यानं मारायला उजवा पाय उचलला आणि मारला डाव्यानं. चेंडू जाळीत गेला.

"शिवतेऽज!" भोंगा ओरडला. पोरं अंगावर पडून नाचली. ज्ञानूनं मान उचलून पाहिलं. जाळीच्या पलीकडं शिवतेजची आई, अंजनाबाई बसली होती. टाळी नाही, रडणं नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघतही नव्हती. तिची नजर खाली पायांवर होती.

उत्तरार्धात कुणाचंतरी कोपर त्याच्या छातीत बसलं. ज्ञानू आडवा झाला. श्वास आत जाईना.

"ऊठ रं, शिवतेज!" कडेवरून नानासो ओरडला. "काय झालं न्हाई तुला! ऊठ!"

खेळ थांबला. रेफ्रीनं शिट्टी मारायच्या आधीच थांबला. गोलकीपर धनाजी मटकन खाली बसला. त्या दिवशीही शिवतेज इथंच, छातीला हात लावून पडला होता आणि नानासो हेच ओरडला होता, शब्दाला शब्द. मैदानावरच्या प्रत्येकाला ते आठवलं. एकट्या नानासोला तेवढं आठवलं नाही.

कुणाला न विचारता अंजनाबाई उठली. चपला रेषेबाहेर काढल्या आणि अनवाणी आत चालत आली. रेफ्री बाजूला सरला. ज्ञानूला इतकी लाज वाटली, की मातीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"मावशी," तो कसाबसा बोलला, "मी त्यो न्हाई ओ. ज्ञानू हाय मी. ज्ञानू."

"ठाव हाय रं, बाळा. आईला कळत न्हाई व्हय?" तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "तू पडून ऱ्हा."

"शिवतेज!" पुन्हा नानासो. "पुण्याची माणसं बघाय लागल्यात! ऊठ म्हनतो न्हवं!"

ज्ञानू उठला नाही. उठायचंच नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पुणं गेलं खड्ड्यात. त्यानं डोळे मिटून घेतले.

पण त्याचा डावा पाय हलला. गुडघ्यात दुमडला, बुटाचे खिळे मातीत रुतवले आणि जोर लावून उठायला बघू लागला.

अंजनाबाईनं तो पाय दोन्ही हातांनी धरला आणि ओढून मांडीवर घेतला. नाडीची गाठ सोडता सोडता ती बुटाकडं बघून हळूच म्हणाली,

"मागल्या येळंला त्याचं ऐकलंस आन उठलास. आता नगं ऐकूस, लेकरा."