दुपारचं तळं

"दिवसा गोष्ट सांगू नगंस, तानू. मामा वाट चुकतो," असं म्हणून सोजरबाईनं भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि लिंबाच्या सावलीत आडवी झाली.

"चुकू दे. सरळ वाटेनं जाऊन तरी मामा कुठं पोचलाय?" तानुबाईनं खडी फोडायची हातोडी बाजूला ठेवली. "तर बायांनो, तळं भरत आलं."

"हूं," बाया म्हणाल्या. हूं म्हणणारं कुणी नसेल तर गोष्ट पुढं सरकत नाही, हे त्यांना लहानपणीच कळलेलं.

त्र्याहत्तरचा मार्च होता. कवठे येमाईच्या वरच्या माळावर दुष्काळी कामावरची खडी संपत आली होती. पुढचं काम पाझर तलावाचं. पण तळं होणार हौसराव मामांच्या शेतात, आणि मामा सही करत नव्हते. कामावरच्या साहेबांनी त्यांना नकाशा दाखवला. त्यात त्यांचं शेत निळ्या पेन्सिलीनं रंगवलेलं होतं. मामांनी नकाशाची नीट घडी घातली आणि परत दिला. शेताच्या मधोमध एक दगड होता. तिथं त्यांच्या बायकोला, सरूबाईला, अग्नी दिला होता.

सोमवारपर्यंत सही झाली नाही तर काम यवतच्या बाजूला जाणार होतं. मग या बायांच्या चुलीवर काय शिजणार, हे नकाशात नव्हतं.

मामा रोज बांधावर बसत, बायांकडे पाठ करून. शेताची राखण. राखायला शेतात फक्त ढेकळं.

तानुबाईला नकाशा सुलटा काय, उलटा काय, सारखाच. पण गेले आठ दिवस दुपारच्या सुट्टीत ती तळं भरत होती. पहिल्या दिवशी घोट्याएवढं. मग म्हशी डुंबल्या. सोजरबाईला काठावर वांग्याचे वाफे मिळाले. गिताबाईला धुण्यासाठी सपाट दगड; तिनं वर चार बदकं मागितली, तीही मिळाली. समोर उन्हात ढेकळं हलायची, अगदी पाण्यासारखी. झोपेत कुणीतरी लुगडं घोट्याच्या वर ओढून घ्यायची.

फक्त एका जागी येऊन पाणी रोज थांबायचं. तिथं तानुबाई माशांचा विषय काढायची.

आज ऊन फारच होतं. एकेक हूं बारीक होत गेला, मग विझला. सगळ्या झोपल्या. तानुबाईही गप्प झाली. ऐकणारं नाही तर सांगायचं कुणाला?

"हूं," बांधावरून आवाज आला.

तानुबाई उठून बसली. मामांची पाठ तशीच होती.

"पाणी... पाणी चढलं," ती चाचरत म्हणाली. "जुन्या विहिरीवरनं गेलं. बाभळीच्या बुडाला लागलं."

"हूं."

"आन् मग मासं..."

"मासं ऱ्हाऊ दे. दगडापाशी आलं का?"

"न्हाई मामा. तिथं मी येऊ देत न्हाई त्याला."

मामा वळले. आठ दिवसांत पहिल्यांदाच. डोळे उन्हानं बारीक झालेले, की कशानं, कोण सांगणार.

"सायबाला म्हणावं, उद्या कागद घेऊन ये," ते म्हणाले. "आन् तू येऊ दे पाणी. जलमभर डोक्यावर हंडा घेऊन ती पाण्याकडं चालत गेली. आता एकदा पाण्याला चालू दे तिच्याकडं."

तानुबाई एवढंच म्हणाली, "हूं."