गेल्या तोडणीचं ऊन

सूनबाईने नवऱ्याचे बूट पायांत चढवले आणि ती सासऱ्यांच्या दारावरून चालत गेली. बूट दोन नंबर मोठे होते. टाचा मुद्दाम आपटाव्या लागत.

"निघाले वाटतं आमचे मौनीबाबा!" आतून म्हातारा ओरडला. "बापाशी नाही तर नाही, निदान भिंतीशी तरी बोल!"

वर्ष होत आलं होतं. गेल्या द्राक्षतोडणीच्या वेळी सासरे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. महिन्याने परतले ते आंधळे होऊनच. तेवढ्यात इकडे त्यांचा मुलगा मळ्यात ट्रॅक्टरखाली सापडून गेला होता. डॉक्टर म्हणाले, इतक्यात कळू देऊ नका, हृदयाला झेपणार नाही. बापलेकांत आधीपासूनच अबोला होता. तो तसाच चालू राहिला. सकाळ-संध्याकाळ बूट तेवढे वाजत.

"वहिनी, किती दिवस हे सोंग?" नणंद विचारायची.

ती बुटांची माती झटकायची. तोंडाने ती एकदाही खोटं बोलली नव्हती. फक्त चालली होती. अलीकडे मात्र बूट काढून ठेवल्यावरही व्हरांड्यात पावलं वाजत, आणि हातातलं काम टाकून ती बघायला जायची.

आज गेल्या तोडणीची पिंपातली वाईन बाटल्यांत भरायची होती. पहिला घोट सासऱ्यांचा. कुठली जमीन, कसा हंगाम, हे त्यांनी चवीवरून सांगायचं. त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही बाटली भरायची नाही, असा त्या घरचा रिवाज. तिने निर्धास्तपणे पेला त्यांच्या हातात दिला. वाईनला माती कळते, ऊन कळतं. माणसांचं तिला काय कळणार?

म्हाताऱ्याने घोट जिभेवर घोळवला.

"वरची टेकडी. मुळं पार खडकात गेलेली. घड थोडे, दाणे बारीक, सालं जाड. खालच्या काळ्या मातीत हा दम नाही." त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी दुसरा घोट घेतला. "उन्हाळा लवकर लागला होता. रात्री मात्र गार. मग आंबटपणा कुठे गेला? ही तर मनुक्यांसारखी लागतेय. पिकल्यावर आठ-दहा दिवस वेलीवरच राहिली ही द्राक्षं."

दारात उभ्या असलेल्या नणंदेने पदर तोंडाला लावला.

"पाऊस होता, मामंजी," सूनबाई म्हणाली. "तोडता आली नाहीत."

"पाऊस झाला असता तर पाणचट लागली असती."

त्यांनी चाचपडत पेला खाली ठेवला. आवाज अगदी खाली आला.

"आठ-दहा दिवस कडक ऊन, टेकडी पिकून उभी, आणि या घरातलं एक माणूस तिकडे फिरकलं नाही. कशानं गेला गं माझा मुलगा?"