दिलेल्या मुली

“यांच्याकडून नाही आलेलं. तुमच्याकडून आलंय,” जनुकीय समुपदेशक रोशनी मॅडम म्हणाल्या आणि पेनाचं टोक कोकिळाबाईंच्या गोलावरून उचलून रूपरावांच्या चौकोनावर ठेवलं.

वंशावळीच्या कागदावर बायकांचे गोल होते, पुरुषांचे चौकोन. हे वाक्य कानावर पडलं की उठून हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक ऐटबाज फेरी मारायची, असं कोकिळाबाईंनी महिनाभर ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात त्या खुर्चीत आणखी थोड्या खाली सरकल्या. सकाळची आर्वीची एसटी, मग एक रांग, मग दुसरी रांग. जिंकायलाही अंगात थोडं बळ शिल्लक असावं लागतं.

सदतीस वर्षांत रूपरावांच्या घरात जे जे उणं निघालं ते समुद्रपूरच्या, म्हणजे बाईंच्या माहेरच्या, नावावर चढलं होतं. लेकीचा, समीक्षाचा, चष्मा समुद्रपूरचा. मुलाचं, पियुषचं, कच्चं गणित समुद्रपूरचं. त्याची उंची तेवढी आपली, आर्वीची. आणि लेकरू अंगावर पीत असताना, चौतिसाव्या वर्षी, समीक्षाच्या छातीत कर्करोग निघाला तेव्हा तर रूपरावांना शोधायचेही कष्ट पडले नाहीत. कोकिळाबाईंच्या आईला सत्तरीत तसलीच गाठ झाली होती. “तुह्या मायनं देल्लं हे,” ते वर्षभर म्हणत आले. केमोच्या दिवशीही म्हणाले. आईवडिलांचं रक्त तपासायचं ठरलं तेव्हा बाही वर करून पहिला हात त्यांनीच पुढे केला होता.

“आलंय म्हनजे, का आलंय?” आता त्यांनी विचारलं.

मॅडमनी हे सकाळपासून पाच-सहा घरांना सांगितलं असावं. आवाज पार बसला होता.

“पेशीतला डीएनएचा धागा रोज तुटतो. सगळ्यांचाच. तो जोडायला एक प्रथिन लागतं. ते स्वतः जोडत नाही. मुकादमासारखं दुसऱ्या प्रथिनाला तुटल्या जागी घेऊन जातं आणि शेजारच्या अखंड धाग्यात बघून तसाच जोड घालायला लावतं. हा मुकादम कसा घडवायचा, ते आपल्याकडे दोन प्रतींत लिहिलेलं असतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. समीक्षाताईंची वडिलांकडची प्रत जन्मापासूनच बिघडलेली आहे. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथे मुकादम उरतच नाही. मग जोड वाकडे पडत जातात.”

“मुकादम नसला तं काम थांबत नाई, बिघडते,” रूपराव म्हणाले. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, बोलून गेला. मग आपण कोणाच्या बाजूने बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. “पन मशीनच चुकलं असन, मॅडम. आमच्यात कोनालेच नाई हे. पाहा ना, नऊ चौकोन सांगतले तुमाले. एक तरी गेला का असा?”

“आणि बहिणी?”

“त्या दिल्या ना.”

“कुठे दिल्या?”

“लगन करून दिल्या. आता त्या त्याहिच्या घरच्या. आमच्यात काऊन मोजता?”

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चौकोनाशेजारी तीन गोल काढले. धाकट्या दोघी धडधाकट होत्या. थोरली मीराबाई बावीस वर्षांपूर्वी आजारपणात माहेरी आली आणि भावाच्या घरीच वारली.

“कावीळ झालती तिले,” रूपराव म्हणाले. “मीच कारंज्याहून काविळीची मुळी आनत होतो, दर रविवारी.”

आणत होते खरे. आतल्या खोलीच्या दारापर्यंत. त्यापुढे बायकांचं आजारपण. तिथे डोकावायची पुरुषांची रीत नव्हती.

“त्यांना मुलगी आहे?”

“हाय ना, अंजू. तिले दोन पोरी.”

“मग अंजूताईंची तपासणी आधी करू. तुमच्या दोन्ही बहिणींचीही.”

“बिलकुल नाई,” रूपरावांनी रिपोर्टची घडी घातली. “काविळीनं गेलेल्या बाईच्या पोरीले कर्करोगाचं सांगू? तिच्या मोठीचं जुळून राह्यलं. मोडन ते. आमी नागपूरले पुन्हा तपासतो, अन् मंग पाहू.”

कोकिळाबाई गप्पच राहिल्या असत्या तरी चाललं असतं. छापील कागद त्यांच्या बाजूने होता, समुद्रपूर एकदाचं सुटलं होतं, आणि घरी जाऊन नुसतं पडायचं होतं. पण अंजू आता बेचाळीसची होती. मीराबाई गेली तेव्हा चव्वेचाळीसची.

“कावीळ नव्हती ते,” त्या म्हणाल्या. “छातीची गाठ होती, फुटलेली. आठ महिने मीच धुतली.”

रूपरावांच्या हातातली घडी तशीच राहिली. “मंग मले काऊन नाई सांगतलं?”

“मीराबाईनं शपथ घातलती. अंजूचं लगन व्हाचं होतं. तुमाले नाई, कोनाले नाई, आजवर तोंडातून शब्द काढला नाई मी.”

मॅडमनी मीराबाईचा गोल पेनाने काळा भरला.

समीक्षा इतका वेळ डोक्याचा रुमाल सारखा करत बसली होती. तिचे हात थांबले. ती आईकडे वळली.

“गाठ पयल्यांदा हाताले लागली, तवा आर्वीच्या डॉक्टरनं इचारलं होतं, घरात कोनाले होतं का म्हनून,” ती सावकाश म्हणाली. “तू माह्या बाजूलेच बसली होती, आई. तू म्हनली, आजीले, तेबी सत्तरीत, अजून कोनालेच नाई, अन् मंग तो म्हने, दुधाची गाठ असन, सहा महिन्यानं पाहू.”