माझा गाल

आईने रुमालाच्या घड्या उलगडल्या आणि काचपट्टी बाईंच्या टेबलावर ठेवली. पट्टीच्या एका टोकाला चिकटवलेल्या चिठोऱ्यावर गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, ‘माझा गाल’.

“हिच्यात माझी पोर आहे ना?” आईने विचारलं. “तीच म्हणाली होती, ‘आई, एका पेशीत अख्खी मी असते.’ मला एकदा दाखवा, बाई.”

विज्ञानाच्या बाईंनी पट्टी हातात घेतली. आठवीतली ही मुलगी परीक्षेच्या तोंडावर तापाने गेली, तेव्हापासून बाई तिच्या घरी जायचं रोज ठरवत होत्या आणि रोज टाळत होत्या. शेवटी आईच शाळेत आली होती. शाळा सुटली होती, प्रयोगशाळेत दोघीच होत्या. बाईंनी सूक्ष्मदर्शक खिडकीशी ओढला, आरसा उजेडाकडे वळवला, पट्टी भिंगाखाली सरकवली आणि डोळा लावला.

गालाच्या पेशी अशा नसतात. त्या कुठेही कशाही पडलेल्या असतात, कडा दुमडलेल्या, आणि प्रत्येकीच्या मध्ये केंद्रकाचा एक गडद ठिपका. इथे तर भिंतीतल्या विटांसारखे लांबट चौकोन रांगेत बसले होते. अशी जाड भिंत माणसाच्या पेशीला नसतेच, वनस्पतीच्या पेशीला असते. हा सरळसरळ कांद्याचा पापुद्रा होता. वर्गात हा प्रयोग झाला त्या दिवशी शेजारच्याच टेबलावर कांदे ठेवलेले होते, आणि कांदा सोलायला काही दुखत नाही. पोरगी मोठी बिलंदर, रंग मात्र गालासाठीचा निळाच घातला होता. आणि बाईंनी तरी काय दिवे लावले होते? वर्गभर पट्ट्या तपासायच्या म्हणून चिठ्ठ्या वाचून पैकीच्या पैकी गुण दिले होते. वर शाबासकी म्हणून पट्टीच्या कडा नेलपॉलिशने बंद करून ती घरी नेऊ दिली होती.

“दिसतेय?” आईने विचारलं.

“दिसतेय,” बाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

आईला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग बाईंनी स्क्रू फिरवला आणि पेशी स्पष्ट झाल्या.

“अगबाई, किती शिस्तीत बसल्यात! हिचा एक मोजा कधी दुसऱ्याशेजारी सापडला नाही.” तिने डोळा काढला नाही. “या जिवंत आहेत?”

“नाही.” एवढं तरी खरं सांगता आलं याचं बाईंना बरं वाटलं. “पण पेशी ज्याने पहिल्यांदा पाहिल्या ना, त्यालाही मेलेल्याच दिसल्या होत्या. बाटलीच्या बुचाचा पातळ काप घेतला होता त्याने. आतलं सगळं निघून गेलेलं, नुसत्या भिंती उरलेल्या. जिवंत पेशी नंतर दिसल्या, दुसऱ्या कुणाला.”

“आमच्या घरी तेच झालंय,” आई म्हणाली. “नुसत्या भिंती.”

बाई पट्टी काढायला पुढे झाल्या, तर आईने त्यांचा हात धरला.

“आता माझ्या दाखवा. सगळे म्हणायचे, पोरीने आईचंच तोंड घेतलंय. बघू तर किती जुळतंय.”

आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते बाईंना कळलं. नाही म्हणायला कारण सुचेना. दात कोरायच्या काड्यांची डबी समोर, रंगाची बाटली समोर, आणि आईने तोंड उघडलंसुद्धा. बाईंनी गालाच्या आतून काडी हलकेच फिरवली, कोऱ्या पट्टीवर पुसली, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि वर पातळ काच ठेवली.

आईने पाहिलं. मग मुलीची पट्टी पुन्हा मागून घेतली. मग पुन्हा आपली.

“माझ्या अशा सांडल्यासारख्या का? वय झालं म्हणून?”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर सुटका होती. बाईंना ते जमेना.

“त्या तिच्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “कांद्याच्या आहेत. तिने गाल खरवडलाच नव्हता. आणि मी न बघता गुण दिले. चुकलं माझं. मघाशी खोटं बोलले, तेही चुकलं.”

आई हळूच स्टुलावर टेकली.

“म्हणजे काहीच राहिलं नाही,” ती म्हणाली. “तिचे कपडे धुऊन टाकले मी. कंगवासुद्धा धुतला. या पट्टीच्या जिवावर धुतला हो.”

बाईंना रडू आवरेना. धीर द्यायचा कुणी आणि कुणाला, सगळाच उलटा प्रकार होता. थोड्या वेळाने आईचेही खांदे हलायला लागले. ती रडत होती, पण मध्येच हसल्यासारखाही आवाज येत होता.

“ही पट्टी आणली त्या दिवशी गाल धरूनच घरी आली होती,” आई म्हणाली. “मी विचारलं, फार दुखलं का ग? तर म्हणे, विचारूच नकोस, घाससुद्धा चावता येत नाहीये. दोन दिवस मी कालवून, मऊ करून भरवलं. एवढी मोठी घोडी, माझ्या मांडीला मांडी लावून आ करून बसायची.”

तिने नाक पुसलं.

“आठवीत गेल्यापासून जवळसुद्धा येऊ द्यायची नाही हो मला. तेवढे दोन दिवस मिळाले.”