पोट सुटलेली अक्षरं

"काकू, ही अक्षरं बारशाला शोभतील, श्रद्धांजलीला नाही," मी म्हटलं आणि संगणकावर साधी बारीक अक्षरं लावून दाखवली.

काकूंनी पिशवीतून आणलेली नाटकाची जुनी जाहिरात पुन्हा माझ्यापुढे सरकवली. पोट सुटलेली, टोकांना पीळदार मिश्या फुटलेली अक्षरं. काकांनी जन्मभर नाटकांच्या पाट्या अशाच रंगवल्या.

"आई, लोक हसतील गं," मुलगा कुजबुजला.

"हसू देत. या काडीपैलवानांत हे कुणाला ओळखू येणार?"

मी जाहिरातीतली अक्षरं उचलून काकांचं नाव जुळवलं. चौकात फ्लेक्स बांधला, तेव्हा काकू खालीच उभ्या होत्या. रस्त्यापलीकडून एक आजोबा नुसती अक्षरं बघून खुलले आणि ओरडले, "अहो, प्रयोग कधी आहे?"

मुलाने मान खाली घातली. काकूंनी मात्र तेवढ्याच जोरात उत्तर दिलं, "झाला हो! हाउसफुल्ल होता."