कोण ओरडतं ते बघू

“ओढ आता,” वायरकाका म्हणाले.

तिचा हात निळ्या केबलवर होता आणि तो काही केल्या हलत नव्हता.

“काका, यादी आणखी एकदा बघूया?”

“चारदा बघून झाली. पाचव्यांदा बघितल्यावर तिला नवं पान फुटणार आहे का?”

रुग्णालयाच्या तळघरातली ही संगणकखोली. इथली एकतीस जुनी यंत्रं मोडीत निघत होती. त्यांच्यातली सगळी माहिती नव्या स्टोरेजमध्ये हलवायची आणि त्यांची कामं दोन दणकट सर्व्हरांच्या पोटात, सॉफ्टवेअरच्या भिंती घालून, शेजारी शेजारी बसवायची, असं ठरलं होतं. तीस यंत्रं मुकाट्यानं हलली. घोडं अडलं ते एकतिसाव्यापाशी. रॅकच्या अगदी तळाशी, धुळीनं माखलेलं हे यंत्र काय काम करतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्यानं ते बसवलं तो नोकरी सोडून गेला होता आणि जाताना पासवर्डही घेऊन गेला होता.

अशा बेवारस यंत्रावर या धंद्यात एकच औषध असतं. त्याची केबल काढायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. जो ओरडेल तो मालक. तासाभरात कोणीच ओरडलं नाही, तर यंत्र भंगारात.

तिनं स्वतः हे डझनभर वेळा केलं होतं. पण आज चौथ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात, तिचे बाबा होते. परवाच त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. आणि या यंत्राची एक केबल छतातून वर कुठेतरी जात होती. तिची पाचावर धारण बसली होती. वरच्या त्या हिरव्या रेघा, ते टिकटिकणारे पडदे याच्यावरच चालत असले तर?

“उद्या केलं तर?”

“न कर्त्याचा वार शनिवार,” काका म्हणाले. गळ्यात कायम वायरींची माळ, म्हणून सगळे त्यांना वायरकाका म्हणायचे. “अगं, याची डिस्क कशी कुरकुरतेय, ऐकतेस ना? आज ना उद्या हे आपणहून डोळे मिटणार. त्यापेक्षा आपण समोर असताना बंद पडलेलं काय वाईट? कोणी ओरडलं, की खट्कन परत लावू. पाच सेकंदांचं काम.”

तिनं श्वास रोखला आणि केबल ओढली. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दोघं टेबलावरच्या फोनकडे बघत बसली. तळघरात मोबाइलला रेंज नव्हती. इमारतीत कुठेही काही अडलं, की हाच फोन बोंबलायचा. तिनं उगाच रिसीव्हर उचलून कानाला लावला. आतला ओळखीचा टूंऽऽ आवाज ऐकून परत ठेवला.

“त्याला हात लावू नकोस,” काका म्हणाले. “बोलणी खायची इतकी घाई कशाला?”

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. शेवटी तिला बसवेना. ती उठली आणि जिन्यानंच वर धावली.

रक्तपेढीतले फ्रिज घुमत होते. एक्स-रेची रांग सरकत होती. चौथ्या मजल्यावर मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवून ती आत शिरली. बाबांच्या उशाशी हिरवी रेघ शहाण्यासारखी उड्या मारत होती. तिला बघून त्यांनी दोन बोटं हलवली.

सिस्टर रिसीव्हर खांद्याशी दाबून वहीत काहीतरी लिहीत होती.

“सगळं ठीक ना, सिस्टर? काही बंदबिंद पडलं नाही ना?”

“काही नाही हो. बाबा तर झकास आहेत, सकाळी मला एक विनोद सांगितला. हे औषधवाले तेवढे फोन उचलत नाहीयेत. झोपले असतील मेले.”

ती हसली. तिचा जीव भांड्यात पडला. खाली उतरताना पायऱ्या आपोआप मागे पडत होत्या.

“आला कोणाचा?” तिनं दारातूनच विचारलं.

“एकाचाही नाही,” काका म्हणाले. “नोंदणीतला तो कारकून रोज सव्वाअकराच्या ठोक्याला प्रिंटर अडकला म्हणून रडतो, तोसुद्धा आज गप्प. एक केबल काढली काय आणि अख्खं रुग्णालय सुधारलं!”

इतका निवांत तास तिला या खोलीत कधी मिळाला नव्हता. काकांनी थर्मासमधला चहा ओतला. आपण किती घाबरलो होतो, याची तिला आता लाज वाटू लागली.

बारा वाजून पाच मिनिटांनी काकांनी यंत्राची वीजही काढली. पंखा घरघरत थांबला. तिनं यादीत एकतिसाव्या ओळीसमोर ‘मालक नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

“बघ,” काका म्हणाले. “उगाच जीव टांगणीला लावला होतास.”

तेवढ्यात दार ढकललं गेलं. चौथ्या मजल्यावरची सिस्टर उंबऱ्यात उभी होती. ती धावत आलेली दिसत नव्हती. मास्क काढून तिनं मुठीत धरला होता आणि ती आधी टेबलावरच्या फोनकडे, मग तिच्याकडे बघत राहिली.

“तुम्ही इथेच होतात?” सिस्टरनं हळूच विचारलं. “किती फोन केले हो आम्ही. डॉक्टरांना, तुम्हाला. नुसती रिंग जात होती, कोणी उचलतच नव्हतं.”

तो टूंऽऽ फोनचा स्वतःचाच होता; फोन एकमेकांशी जोडणारी निळी केबल मात्र रॅकच्या तळाशी लोंबत होती.